पुटपुटणाऱ्या मुलाला गप्प करू नका

पहिली-दुसरीच्या वर्गात एक सूचना दिवसभर ऐकू येते: "तोंड मिटा, मनात करा." बेरीज मनात, वाचन मनात, चित्र रंगवतानाही बडबड नको. गोव्यातल्या खेड्यांत एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता सांभाळणाऱ्या बाईंची अडचण खरी आहे. एका इयत्तेच्या कुजबुजीचा दुसरीला त्रास होतो. तरीही सहा वर्षांच्या मुलाला 'मनात कर' म्हणणं चुकीचं आहे, कारण मनात बोलायची ताकद त्या वयात पुरती आलेलीच नसते. ती येते कुठून, आणि ती यावी म्हणून घरच्यांनी आणि शाळेने नेमकं काय करायचं, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

ती येते कुठून याचं उत्तर शोधणारा सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ म्हणजे लेव व्हायगॉट्स्की. हे नाव डी.एड., बी.एड. केलेल्या सगळ्यांनी ऐकलेलं असतं. जन्म १८९६, आजच्या बेलारूसमधल्या ओर्शा गावात. क्षयाने १९३४ साली मॉस्कोत गेला तेव्हा वय ३७. त्याचं मुख्य पुस्तक त्याच वर्षी आलं आणि दोन वर्षांत सोव्हिएत सरकारच्या एका हुकुमानंतर त्याचं सगळं काम अडगळीत पडलं. इंग्रजी वाचकांपर्यंत ते पोचायला १९६२ उजाडलं. आपल्या अभ्यासक्रमात त्याच्या वाट्याला एक व्याख्या आणि परीक्षेतले पाच गुण येतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं. कारण शिक्षकाच्या रोजच्या कामाला इतका थेट उपयोगी पडणारा दुसरा मानसशास्त्रज्ञ शोधायला वेळ लागेल.

मूल स्वतःशी बोलतं याची नोंद त्याच्याआधी स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने १९२३च्या पुस्तकात केली होती. मूल अजून दुसऱ्याच्या नजरेने बघू शकत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला कळो न कळो ते बोलत सुटतं, आणि मोठं होता होता हे बोलणं गळून पडतं, असं पियाजेचं म्हणणं. व्हायगॉट्स्की म्हणाला की ते गळत नाही, आत जातं. आधी मूल आणि मोठं माणूस एकमेकांशी बोलतात: "कुठे ठेवला होतास? आठव. दप्तरात बघितलंस?" मग मूल तेच प्रश्न मोठ्याने स्वतःला विचारतं. मग कुजबुजीत. मग नुसते ओठ हलतात. शेवटी आवाज जातो आणि उरतो तो विचार.

हे त्याने तपासलं कसं, ते सांगण्यासारखं आहे. चित्र काढायला बसलेल्या मुलांच्या कामात मुद्दाम अडचणी घातल्या. हवा तो रंग नाही, कागद कमी, पेन्सिल मोडकी. अडचण येताच स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. साडेपाच वर्षांचा एक मुलगा ट्राम काढत होता. चाकाचा गोल पुरा करताना पेन्सिलीचं टोक मोडलं. त्याने जोर देऊन पाहिलं, कागदावर नुसता चरा उठला. "मोडली," असं तो पुटपुटला, पेन्सिल बाजूला ठेवली, जलरंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम काढायला लागला. 'मोडली' हा उच्चार कुणाला उद्देशून नव्हता. पण त्याने चित्राची दिशा बदलली. विचार घडत होता तो त्या उच्चारात.

दुसरी तपासणी गोव्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. व्हायगॉट्स्कीने स्वतःशी बोलणाऱ्या मुलांना कधी बहिऱ्या-मुक्या मुलांत बसवलं, कधी परकी भाषा बोलणाऱ्या मुलांत, कधी शेजारी मोठा गोंगाट ठेवला. आपलं कुणाला कळत नाही हे जाणवलं की मुलांचं स्वतःशी बोलणंही एकदम खाली आलं. म्हणजे स्वतःशी बोलायलासुद्धा भोवती आपली भाषा कळणारं कुणीतरी असावं लागतं. आता घरी कोकणी, मराठी किंवा कन्नड बोलणारं साडेतीन वर्षांचं मूल केवळ इंग्रजी चालणाऱ्या नर्सरीत बसवल्यावर सहा महिने गप्प का राहतं, याचा विचार करा. आपण म्हणतो, "लाजतोय, सवय होईल." सवय होतेही. पण मधल्या महिन्यांत ते मूल इतरांशी बोलत नाही एवढंच नसतं. जो आवाज काढून त्याने कोडं सोडवलं असतं, तो आवाजही बंद असतो.

वर्गात आणि घरात करायचं ते सोपं आहे. 'मनात करा'च्या जागी 'हळू आवाजात करा' म्हणा. मूल पुटपुटत असेल आणि हात चालत असतील ("हा इथे... नाही, हा मोठा आहे... तो घेऊ") तर मध्ये बोलू नका, शाबासकीसुद्धा नको. पुटपुट थांबली आणि हातही थांबले, की तिथे मदत लागते आहे. पुटपुट चालू आहे पण ती कार्टूनची किंवा डब्याची आहे, म्हणजे काम फार सोपं आहे किंवा आवाक्याबाहेरचं आहे. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेकांचं बोलणं ओठांवर येऊन आत जातं, आणि अवघड काही आलं की परत बाहेर येतं. म्हापशाच्या बाजारात मोठा हिशोब करताना मोठी माणसंही ओठ हलवतातच.

आता मदतीकडे वळू, कारण बहुतेक गडबड तिथेच होते.

व्हायगॉट्स्कीचं उदाहरण असं: दोन मुलं आहेत, दोघांचीही चाचणीप्रमाणे बौद्धिक पातळी आठ वर्षांची. एखादा प्रश्न, पहिली पायरी, थोडी दिशा एवढी मदत दिली की एक जण नऊ वर्षांच्या मुलांची कोडी सोडवतो, दुसरा बारा वर्षांच्या. मग हे दोघे सारखे का? एकट्याने जमतं तिथपासून मदतीने जमतं तिथपर्यंतची जी जागा, तिला पाठ्यपुस्तकात 'समीपस्थ विकास क्षेत्र' म्हणतात. शिकवायचं ते याच जागेत. अलीकडे शिकवलं तर मूल कंटाळतं, पलीकडे शिकवलं तर ते पाठ करतं.

पण मदत द्यायची किती आणि मागे कधी घ्यायची? यावरचं नेटकं काम १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी केलं. तीन, चार आणि पाच वर्षांची ३० मुलं, आणि एकात एक बसणारे २१ लाकडी ठोकळे जोडून करायचा मनोरा. मदत करणारीने काय काय केलं याची त्यांनी बारकाईने नोंद ठेवली. त्याच सुमारास मदतीच्या पाच पायऱ्याही मांडल्या गेल्या. या पायऱ्या स्वयंपाकघरात चटकन कळतात म्हणून हळदीच्या पानात वाफवायच्या पातोळ्यांवर सांगतो.

श्रावणात सहा-सात वर्षांचं मूल पातोळ्या करायला बसलंय. तांदळाचं पीठ वाटून तयार आहे, हळदीची पानं धुऊन पुसलेली, चूण म्हणजे खोबरं-गूळ शिजवून गार केलेलं. पहिल्या पातोळीला मुलाने पीठ देठाकडे जाड ठेवलं आणि टोकाकडे इतकं पातळ की पान दिसतंय. आता आईने किंवा आजीने काय करायचं?

पहिली पायरी, नुसता मोघम प्रश्न: "सगळीकडे झालं का? बघ बरं एकदा." दुसरी, नेमकं सांगणं: "देठाकडे जाड राहिलंय, ते टोकाकडे ओढ." तिसरी, बोटाने जागा दाखवणं. चौथी, पान धरून देणं, म्हणजे मुलाचे दोन्ही हात पीठ पसरवायला मोकळे राहतात. पाचवी, एक पान स्वतः करून दाखवणं. नियम एकच: मूल अडलं की एक पायरी वर जा, जमलं की लगेच एक पायरी खाली या. पाचव्या पायरीवर पान करून दाखवलं असेल तर पुढच्या पानाला चौथी, त्यापुढच्याला तिसरी, असं उतरत या. पहिली पायरी पुरली की पुढच्या पानाला गप्प बसून बघा.

चूक होते ती दोन टोकांना. घाई असते, वाफवायला भांडं ठेवलेलं असतं, म्हणून मोठं माणूस थेट पाचव्या पायरीवर जातं आणि तिथेच राहतं. मूल फक्त पानं पुसून द्यायला उरतं. किंवा उलट, मूल दुसऱ्या पायरीवर अडलेलं असताना तेच वाक्य जास्त मोठ्या आवाजात तीनदा सांगितलं जातं. आवाज वाढवणं ही पायरी नाही. आणखी एक: चूण काठापर्यंत भरली की वाफवताना गूळ बाहेर येतो. हे मुलाला आधी सांगावं की एक पातोळी फुटू द्यावी? मला वाटतं, एक फुटू द्यावी, आणि फुटल्यावर विचारावं, "गूळ कुठून बाहेर आला? का आला असेल?" फुटलेली पातोळी हातात असताना मुलाच्या तोंडून 'काठाला पीठच नव्हतं' हे येतं, आणि पुढच्या वेळी तेच वाक्य ते स्वतःला सांगतं. चुलीची वाफ, चाकू, विळी यांच्या बाबतीत अर्थातच ही मुभा नाही.

शाळेत हेच ४२ − १७ ला लावा. "उत्तर बरोबर वाटतंय का?" ही पहिली. "एककाच्या घराकडे बघ" ही दुसरी. दोनावर बोट ही तिसरी. दहाची एक जुडी सोडून बारा सुट्ट्या काड्या समोर ठेवणं ही चौथी. फळ्यावर करून दाखवणं पाचवी. बहुतेक वर्ग पाचव्यापासून सुरू होतात आणि मग थेट गृहपाठावर उडी मारतात. मधल्या चार पायऱ्या गायब.

प्रश्न विचारून आपण थांबतो किती, हा वेगळा विषय, पण याच्याशी जोडलेला. १९७०च्या दशकात अमेरिकेत मेरी बड रो या विज्ञान-शिक्षण अभ्यासिकेने वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंद थांबत होते आणि उत्तर आल्यावर त्याहूनही कमी. ते थांबणं तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, एरवी न बोलणारी मुलं बोलली आणि मुलं एकमेकांना प्रश्न विचारू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, वर्गासमोर उभं राहिल्यावर ते फार लांब वाटतात. मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणा. हात वर करायला लावू नका, कारण पहिला हात वर आला की बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. उत्तर आल्यावरही तीन सेकंद थांबा. 'बरोबर' हा शब्द लगेच उच्चारला की चर्चा संपते. त्याऐवजी "कसं ठरवलंस?" हे विचारा, आणि बरोबर उत्तरालाही विचारा. फक्त चुकीच्या उत्तराला 'कसं?' विचारलं तर आठवड्याभरात मुलांना कळतं की 'कसं?' म्हणजे चुकलं.

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे पाचवीपासून पुढे, माझ्या मते सगळ्यात उपयोगी पद्धत ॲनमेरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ साली मांडलेली. चार-चार मुलांचे गट. एक उतारा, एका वेळी एकच परिच्छेद. चार कामं: एकाने परिच्छेदावर प्रश्न विचारायचा, एकाने दोन वाक्यांत सार सांगायचं, एकाने न कळलेला शब्द किंवा जागा सोडवायची, एकाने पुढे काय येईल ते सांगायचं. पुढच्या परिच्छेदाला कामं फिरतात. शिक्षक आधी स्वतः चारही कामं करून दाखवतो आणि मग हळूहळू बाजूला होतो.

खाजन शेतीवरचा, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवरचा, एक परिच्छेद घेऊ: भरतीला नदीचं खारं पाणी चढतं, त्या दाबाने मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणवाटेची, दारं मिटतात आणि पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरतं, आतल्या पाण्याचा जोर वरचढ होतो आणि दारं उघडून शेतातलं जादा पाणी नदीत जातं.

पहिल्या दिवशी प्रश्न विचारणारं मूल हमखास विचारतं, "दारं कधी मिटतात?" उत्तर परिच्छेदात आयतं आहे. यावर टीका करू नका. शिक्षकाने आपला एक प्रश्न शेजारी ठेवायचा: "हीच दारं शेताच्या बाजूला उघडणारी बसवली असती तर?" आता परिच्छेदात उत्तर नाही. मुलांना हाताचे पंजे दारासारखे धरून बघावं लागतं: नदी या बाजूला, शेत त्या बाजूला, भरती ढकलते इकडून. दार शेताकडे उघडणारं असतं तर भरतीनेच ते उघडलं असतं आणि भातात खारं पाणी भरलं असतं. हे गटाला सापडतं तेव्हा चौघांपैकी एकालाही ते एकट्याने सापडलं नसतं, असं अनेकदा दिसतं. पुढच्या आठवड्यात मुलांचे प्रश्न 'कधी' आणि 'कुठे'वरून 'का' आणि 'नसतं तर'वर सरकतात.

शब्द सोडवणाऱ्याचं काम गोव्यात मजेशीर होतं. चोडण किंवा दिवाडी बेटावरच्या मुलाला बांध, मानस आणि खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगुट भात घरबसल्या ठाऊक असतं. वाळपईच्या मुलाने यातलं काहीच पाहिलेलं नसतं, पण कुळागरातलं पाणी पाटाने सुपारीला कसं फिरवतात ते तो डोळे मिटून सांगेल. जो शब्द ज्याच्या घरचा, तो त्याने समजावायचा. इथे शिक्षकाने तोंड उघडू नये.

आणि समजावताना मूल म्हणेल, "भरती येता तेन्ना उदकाच्या दाबान दार आपशींच धांपता." मराठी माध्यमाच्या वर्गात यावर काय करायचं? "शुद्ध मराठीत सांग" असं म्हटलं की मूल वाक्य अर्ध्यावर सोडून गप्प होतं, हे कुणीही शिक्षक सांगेल. त्याला गोष्ट पूर्ण कळलेली आहे. कारण, परिणाम, आपोआप होणं, सगळं त्या वाक्यात बसलंय. ते स्वीकारा, मान डोलवा आणि तेच वाक्य स्वतः सहज मराठीत म्हणा: "हां, म्हणजे भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं." दुरुस्तीचा सूर नको, संभाषण पुढे नेण्याचा हवा.

गोव्यात हा प्रश्न नाजूक आहे, याची मला जाणीव आहे. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा मिळाली. १९९० पासून प्राथमिक शाळांना अनुदान कोकणी-मराठी माध्यमालाच होतं, २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही मिळालं. या प्रत्येक टप्प्यावर आंदोलनं झाली आणि घरंही दुभंगली. मराठीवर माझं प्रेम आहे, मी लिहितो मराठीत. पण मुलाच्या डोक्यात या भाषा भांडत नाहीत, आणि मराठी शाळेने घरच्या कोकणीला दाराबाहेर ठेवलं तर नुकसान मराठीचंच होतं. घरी 'कित्याक म्हळ्यार', 'जाल्यार', 'तरी लेगीत' वापरून भांडणारं मूल 'कारण', 'तर', 'तरीही' फार लवकर उचलतं, कारण विचाराची ती जोडणी त्याच्याकडे आधीच असते.

म्हणून वर्गातला वेळ असा वाटा: गटातली चर्चा पाच मिनिटं, कुठल्याही भाषेत. मग दोन मिनिटं एकमेकांना तेच मराठीत सांगून बघणं. मग लिहिणं. फळ्याच्या कोपऱ्यात चार-पाच वाक्यांची सुरुवात कायम लिहिलेली असू द्या: 'मला वाटतं..., कारण...', 'तुझं पटतं, पण...', 'जर... तर...', 'हे कशावरून?' लिहिण्याची भाषा आधी तोंडात रुळू द्यावी लागते. चर्चा गाळून थेट 'पाच वाक्यं लिहा' म्हटलं की वह्यांमध्ये सगळ्यांची तीच पाच वाक्यं मिळतात.

दुसऱ्या भाषेत गप्पा मारायला मूल साधारण दोन वर्षांत शिकतं, पण त्या भाषेत पुस्तकी विषय समजून घ्यायला पाच ते सात वर्षं लागतात, हे कॅनडातल्या जिम कमिन्स यांच्या अभ्यासातून पुढे आलं. दुसरीतलं मूल मैदानावर इंग्रजीत फटाफट बोलतं म्हणून विज्ञानही इंग्रजीत कळतंय असं गृहीत धरणारे पालक इथेच फसतात.

त्यांच्यासाठी थोडं स्पष्ट लिहितो. शाळा कुठल्याही माध्यमाची निवडा, तो तुमचा निर्णय. पण घरातली भाषा बदलू नका. ज्या आईवडिलांना स्वतःला इंग्रजीत रागावता, चिडवता, पटवता येत नाही, ते मुलाशी इंग्रजीत बोलायला लागले की संभाषण 'कम', 'सिट', 'ईट', 'फिनिश' एवढ्यावर येतं. हुकूम उरतात, 'का' निघून जातो. 'काल मामाने असं का केलं असेल?' हा प्रश्न ज्या भाषेत सहज येतो, त्याच भाषेत मुलाला विचार करायला मिळतो.

आणि मोबाइलवरच्या इंग्रजी गाण्यांनी भाषा येते हा समजही सोडा. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, प्रत्येकी २५ मिनिटांच्या १२ बैठका. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना चिनीतले वेगळे ध्वनी ओळखता आले. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर किंवा नुसतं आवाजात ऐकलेल्या बाळांना काहीही फरक पडला नाही. बाळ नजर कुठे जाते ते बघतं, हसलं की समोरचा हसतो का ते बघतं, आणि त्या देवाणघेवाणीत ध्वनी पकडतं. पडदा थांबून वाट बघत नाही.

थोडं मोठं झालेल्या मुलाला रोज दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवत असाल तर सगळं पुस्तक स्वतः वाचू नका. पहिल्यांदा वाचा. दुसऱ्यांदा वाक्य अर्धं सोडून त्याला पुरं करू द्या. तिसऱ्यांदा चित्रावर बोट ठेवून "इथे काय चाललंय?" विचारा, आणि ते जे बोलेल त्यात एक-दोन शब्द घालून परत म्हणा. "कुत्रा पळतो." "हो, काळा कुत्रा मांजरामागे पळतोय." चौथ्या-पाचव्या वेळी पुस्तक मुलाच्या हातात आणि ऐकणारे तुम्ही. एकच पुस्तक दहादा मागणाऱ्या मुलाला नवं पुस्तक देण्याची घाई नको.

मराठी अंकांबद्दल थोडं, कारण बोलण्याचा आकड्यांवर किती परिणाम होतो ते तिथे उघड दिसतं. ३७ आपण लिहितो तीन आधी, बोलतो सात आधी: सदतीस. म्हणून मूल ७३ लिहितं आणि मार खातं. एकोणचाळीस ऐकून ४९ लिहितं, कारण कानावर 'चाळीस' पडलं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत 'एक कमी'ची रीत आहे आणि नव्व्याण्णवला ती मोडते. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. मला पारंपरिक नावं ठेवावीत असंच वाटतं, पण त्यांच्यासोबत दुसरं वाचनही हवं. झावळीचे हीर घ्या, एका मापाने तोडा, दहा-दहाच्या जुड्या सुतळीने बांधा. तीन जुड्या, सात सुट्टे ठेवा. मुलाने तीन गोष्टी त्याच क्रमाने म्हणायच्या: "तीन जुड्या, सात सुट्टे. तीस आणि सात. सदतीस." मग लिहायचं. ३९ला दहा-दहाच्या चार जुड्या ठेवून त्यांतला एक हीर काढून घ्यायचा: "चाळीसला एक कमी, एकोणचाळीस." जुडी सोडून मोजायची सवय मोडायला वेळ लागतो. मूल प्रत्येक वेळी जुडीतले दहा हीर एकेक मोजत असेल, तर त्याला दहा हा एक गठ्ठा म्हणून अजून पटलेला नाही. त्याला पुढे ढकलू नका.

जोड्या लावताना वर्गातला सर्वांत हुशार मुलगा सर्वांत मागे असलेल्याशेजारी बसवायची पद्धत सरसकट आहे. ती फारशी चालत नाही. हुशार मुलगा उत्तर सांगतो, दुसरा उतरवतो. थोडाच पुढे असलेला जोडीदार चांगला, कारण तो स्वतः नुकताच तिथून गेलेला असतो आणि कुठे अडतं ते त्याला आठवतं. दोघांत एकच पेन्सिल द्या: ज्याला सुचतं त्याने बोलायचं, लिहायचं दुसऱ्याने. दर गणिताला पेन्सिल बदलायची. दोन इयत्ता एका खोलीत असतील तर दुसरीच्या मुलाने पहिलीच्या मुलाला गोष्ट वाचून दाखवणं दोघांच्याही फायद्याचं.

आता हे सगळं चालतंय की नाही ते कसं कळणार? परीक्षेचे गुण याला उपयोगी नाहीत, कारण परीक्षेत मदत नसते. एक साधी वही ठेवा. मुलाचं नाव, काम, आणि ते पुरं व्हायला कितव्या पायरीची मदत किती वेळा लागली. आठवड्यातून एकदा, एकाच प्रकारच्या कामाला. ५, ५, ४ असं लिहिलेलं तीन आठवड्यांत ३, २, १ होत असेल तर मूल शिकतंय, उत्तरं अजून चुकत असली तरी. आकडे हलत नसतील तर आधी कामाचे तुकडे आणखी लहान करा. तरीही हलत नसतील आणि मूल पाठमोऱ्या हाकेला वळत नसेल, सूचना शेजाऱ्याकडे बघून पाळत असेल, बोलताना तुमच्या ओठांकडे बघत असेल, तर पालकांना सांगून कान तपासून घ्या. पावसाळ्यात सर्दी महिनोन् महिने रेंगाळते, कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, आणि दुखत नसल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात येत नाही. मूल अर्धवट ऐकत राहतं. अशा मुलाला तोवर पहिल्या बाकावर, भिंतीच्या बाजूला, पंख्याच्या आवाजापासून लांब बसवा आणि बोलताना त्याच्याकडे तोंड ठेवा. फळ्याकडे तोंड करून दिलेली सूचना त्याच्यापर्यंत पोचत नाही.